एकोणिसावी तार

१

"माझ्या बाबांनी 'नाही' म्हटलंच नव्हतं," ती दारातच म्हणाली. "आणि तरी मी सही केली. तुम्हीही केलीत."

मी तिला आत घेतलं आणि खुर्चीवरची पुस्तकं उचलली. ती ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून हातात घेऊनच उभा राहिलो.

"बसा ना काका. तुम्ही असे उभे राहिलात तर मला भांडता येणार नाही."

मी पुस्तकांसकट पलंगाच्या कडेला टेकलो.

तिचे वडील शिंपी होते. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं, आणि दुकान आता ती चालवत होती. तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या बुडाशी रक्ताची गुठळी अडकली आणि मास्टरांचं शरीर बंद झालं. बोट हलेना, ओठ हलेना, पापणीसुद्धा नाही. श्वास यंत्रावर. ऐकू मात्र सगळं येत होतं आणि समजतही होतं. दोन वर्षांपूर्वी संस्थेतल्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत, हाताची हालचाल जिथून निघते त्या जागी, नखाएवढी एक चिप बसवली. कात्री मिटल्याची कल्पना केली की 'होय', आणि सुईतला दोरा ओढल्याची कल्पना केली की 'नाही'. बाहेर डोक्यावर एक टोपी असे, ती चिपकडून आकडे घेई.

"दोन शब्दांवर दोन वर्षं काढली आम्ही," ती म्हणाली. "काही घरांत तेवढेही बोलत नाहीत."

मी या सगळ्यात कसा, तेही सांगायला हवं. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात आकड्यांच्या कोष्टकांची मुद्रितं तपासली. संस्थेच्या देखरेख समितीत ज्याला त्या विषयातलं काही कळत नाही असा बाहेरचा एक सभासद असावा लागतो. त्या जागेला माझ्याइतका लायक माणूस त्यांना मिळाला नसता. मी बैठकांना जायचो, मागे बसायचो, दाखवतील तिथे सही करायचो.

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी समितीसमोर डॉक्टरांनी मास्टरांना विचारलं होतं, "श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं का?" तीनदा विचारलं. तीनदा उत्तर आलं, दोरा. नाही. नियमाप्रमाणे शनिवारी पुन्हा विचारलं. पुन्हा दोरा. मुलीने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली, आणि दुपारी यंत्र बंद झालं.

"ताई, तुम्ही तिथेच होतात," मी म्हणालो. "उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं. पण मी ते आधीही ऐकलं होतं."

मेंदूतली पेशी पेटली की लहानशा स्पीकरमधून टिक असा आवाज यायचा. मास्टर विचार करू लागले की पत्र्यावर तांदूळ सांडल्यासारखा तो आवाज खोलीत पसरायचा. दोन वर्षं ती त्या आवाजाशेजारी बसून काजं-बटणं करत होती.

"टाके ऐकून मी सांगू शकते की मशीनवर कोण बसलंय. माणूस एकच शिवण दोनदा घालतो, पण ती दोन्हीदा हुबेहूब येत नाही. कुठेतरी एक टाका पुढेमागे होतो. गुरुवारचे टाके मी आधी ऐकलेत, काका. तसेच्या तसे."

"दुःखात कधीकधी—"

"हे डॉक्टर म्हणून झालंय. तुम्हीही म्हणणार असाल तर मी निघते."

मी हातातली पुस्तकं पलंगावर ठेवली.

"दुकान बंद ठेवलंय मी," ती हळू आवाजात म्हणाली. "पाय पायडलवर ठेवला की मशीन तेच बोलायला लागतं. मला एवढंच सांगा. बाबा जायला निघाले होते, की मी त्यांना घालवलं?"

मी काही करू शकेन असं मला वाटत नव्हतं. पण त्या गुरुवारपासून पुस्तक उघडलं की पानाच्या मागे मलाही टिकटिक ऐकू यायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, बघतो.

२

"तुम्ही? चौकशी?" डॉक्टर हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. एखादी खुर्ची चालू लागली तर माणूस असाच हसेल. "बसा, बसा. तिने पाठवलं ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो.

"बत्तीस तारा आहेत त्या चिपला. केसाहून बारीक. एकेक मी स्वतः बसवली, सात तास उभा राहून. त्या मुलीइतकंच माझंही त्या माणसात काहीतरी गुंतलं होतं. पण त्यांनी 'नाही' म्हटलं, आणि ते ऐकणं आपलं काम होतं. दोन वेगळ्या दिवशी विचारलं. उत्तरं वेगळी आली असती तर नियम स्पष्ट आहे. सगळ्या नोंदी बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातात, ओळ न् ओळ तपासली जाते. इथे तसं काही झालंच नाही. दोन्हीकडे एकच."

"त्या गुरुवारी तुम्ही हा प्रश्न विचारणार, हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. वर्षातून एकदा विचारावा लागतो, तो राहिला होता. समिती समोर आहे तर उरकून टाकू, असं मी सकाळी ठरवलं."

"बाकी सगळं नेहमीसारखं?"

"अगदी. आधी सराव. मास्टर, कात्री. तीनदा. मग दोरा, तीनदा. मग..." ते थांबले. "नाही, त्या दिवशी दोरा गाळला. तुम्हीच विचारलंत ना, अजून किती वेळ लागेल म्हणून? म्हटलं, वयस्कर माणूस आहे, ताटकळत कशाला ठेवा. कात्रीनंतर थेट प्रश्नालाच हात घातला."

मला आठवलं. मी विचारलं होतं. घाई कसलीच नव्हती. ती टिकटिक मला सहन होत नव्हती, आणि मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

"शेवटी किती शांत गेले ते तुम्ही पाहिलंत," दाराशी येऊन डॉक्टर म्हणाले. "तेवढंच तिला सांगा."

३

मास्टरांच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवली होती. खिडकीशी बसून टोपीच्या यंत्रावर काम करणारी तंत्रज्ञ मुलगी ओल्या कापसाने टोपी आतून पुसत होती. ती टोपी आता कुणाच्या डोक्यावर जाणार नव्हती, तरी पुसत होती. मास्टरांची मुलगी तिला टोपीवाली म्हणायची, आणि मास्टरांचे केस कापणं, नखं काढणं, हे तिचं काम नसतानाही ही टोपीवालीच करायची.

"या काका. आज सही कुठे करायची आहे?"

"आज नुसताच आलो."

"मग चुकून आलात." ती हसली, आणि लगेच विचारलं, "ती झोपते का हो? मास्टरांची मुलगी?"

"नाही."

तिने मान खाली घातली. मी तिला कामाबद्दल विचारलं, आणि तिचा चेहरा उजळला. वसंतात ती इथे आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. आता तिला सगळ्या तारा तोंडपाठ होत्या.

"एकतीस तारा, आणि प्रत्येकीची चाल वेगळी. सातवी बडबडी. कात्री म्हटलं की हिचं आधीच सुरू. बारावी लाजाळू, दहा वेळा बोलवाल तेव्हा एकदा बोलेल. तुमच्यासारखी. मास्टर दमले की चोविसावी आधी मंदावायची, मग मी डॉक्टरांना सांगायची, पुरे आता."

"त्या शनिवारी?"

"शनिवारी मी नंतर स्पीकर बंद केला." तिने कापूस बाजूला ठेवला. "शांतपणे जाऊ दे म्हटलं त्यांना."

मी त्या दोन दिवसांच्या नोंदी बघायला मागितल्या. तिने पडदा माझ्याकडे वळवला. रंगीत रेघा एकाखाली एक धावत होत्या. माझे डोळे भरून आले, म्हातारपणामुळे.

"कागदावर मिळतील का?"

"कागदावर? अहो, नुसते आकडे असतात ते. डाळ-तांदूळ मिसळून ठेवल्यासारखे. कच्च्या नोंदी इंजिनिअरसाहेबांकडे आहेत, त्यांना मागा. पण काय करणार घेऊन?"

"वाचेन," मी म्हणालो.

ती खरोखर मनापासून हसली. त्या खोलीत त्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नाही.

४

चिप बनवणारा इंजिनिअर त्या दोन्ही दिवशी परगावी होता. पुढच्या सोमवारी परतला तेव्हा खाट रिकामी होती. तो चहाचा कप हातात घेऊन कागद छापून निघण्याची वाट बघत होता.

"तुम्ही पहिले आहात हे कागदावर मागणारे. पडद्यावर मी सगळं नीटनेटकं करून देतो, म्हणून कच्चं कुणी बघतच नाही. मी स्वतःसुद्धा."

"इतके थोडे आकडे कसे?" मी विचारलं. "मला वाटलं होतं, मेंदू म्हणजे..."

"मेंदू भरपूर बोलतो हो, पण चिप कंजूष आहे. असावीच लागते. डोक्यात मोठी बॅटरी ठेवता येत नाही, आणि चिप जरा तापली तरी भोवतालच्या पेशी भाजतात. मग काय करायचं? सगळी लाट पाठवायची नाही. पेशी पेटली, एक. पुन्हा पेटली, दोन. सेकंदाच्या विसाव्या भागात किती, एवढाच आकडा टिपायचा. तेही लगेच पाठवायचे नाहीत. गाठोडं बांधायचं, एकदम पाठवायचं. टोपीने मिळाल्याची पोच दिली की पुसून टाकायचं. एका घोट चहाने आपल्या अंगात जेवढी ऊब येते, तेवढ्यावर ती महिनोन् महिने चालेल."

त्याने कप खाली ठेवला. "मास्टरांना मी म्हणायचो, तुमच्या दुकानात कापड वाचवतात तशी मी वीज वाचवतो. ते कात्री म्हणायचे."

त्या दोन दिवसांबरोबर त्याने मागच्या दहा महिन्यांच्याही नोंदी छापून दिल्या. मी गठ्ठा घरी नेला, पट्टी ठेवली आणि ओळीने वाचू लागलो. मला अर्थ लागत नव्हता, पण मुद्रितं तपासताना अर्थ लागावा लागत नाही. उलट अर्थ लागला की चुका निसटतात. गुरुवारच्या पहिल्याच पानाला मी अडलो. मी स्तंभ मोजले. बत्तीस. माझी चूक असणार म्हणून पुन्हा मोजले. बत्तीस. तिसऱ्यांदा पेन्सिलीने खुणा करत मोजले.

मग टोपीवालीने एकतीस तारा का सांगितल्या?

मी आदल्या आठवड्याचे कागद काढले. तिथेही बत्तीस स्तंभ होते, पण एकोणिसाव्यात वरपासून खालपर्यंत शून्यं होती. त्याआधीच्या महिन्यात शून्यं. त्याआधीच्याही. दहा महिने शून्य, आणि मग त्या गुरुवारी एकोणिसाव्या स्तंभात आकडे होते. दोन, पाच, एक, शून्य, चार.

शनिवारीही होते.

५

इंजिनिअरने कागद उजेडात धरला. मग उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलं असावं.

"हे होऊच शकत नाही."

"माझी वाचायची चूक असेल," मी म्हणालो.

"तुमची नाही. एकोणिसावी तार मेली आहे, काका. तिच्याभोवती पेशींचा जाड पापुद्रा धरला होता, तिला काही ऐकू येईना. हिवाळ्यात मी तिची वीज तोडली. चिपच्या आतून. कशाला वाया घालवायची? पडद्यावरूनही काढून टाकली आणि बाकीच्यांना नवे क्रमांक दिले, म्हणजे मधे भोक दिसायला नको. ती तार... तिला आता तोंडच नाही."

"पण ती बोलली आहे."

त्याने कागद टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा बारीक टूं टूं आवाज येत होता. आम्ही दोघं तो थांबेपर्यंत बसून राहिलो.

"मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही," शेवटी तो म्हणाला. "पण जायच्या दिवशी... माणूस अगदी जाणार असेल आणि..."

भीती मलाही वाटत होती. पण मास्टरांच्या मुलीने माझ्या पलंगासमोर बसून सांगितलेलं मला आठवलं. तसेच्या तसे टाके.

"तार बंद करण्याच्या आधीचे कागद मिळतील का?" मी विचारलं. "सगळे."

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी, हिवाळ्यापूर्वीच्या एका मंगळवारच्या पानावर माझी पट्टी थांबली. एकोणिसावा स्तंभ. दोन, पाच, एक, शून्य, चार. मी गुरुवारचा कागद शेजारी ठेवला. बत्तीसच्या बत्तीस स्तंभ, ओळीमागून ओळ, एकाही आकड्याचा फरक नव्हता. शेजारी नोंद होती: सराव. कात्री तीन, दोरा तीन.

शनिवारचं पान त्याच मंगळवारचं होतं, फक्त खालच्या अर्ध्या भागातलं, जिथे दोरा होता.

मुलीचे कान बरोबर होते. दोन्ही दिवशी खोलीत जे वाजलं ते मास्टरांचं दहा महिन्यांहून जुनं होतं. कुणीतरी जुनी नोंद ताज्या नोंदीच्या जागी लावली होती. आणि 'मास्टर, दोरा' असं सरावात म्हटल्यावर दिलेलं उत्तर आम्ही 'जगायचं का' या प्रश्नाला जोडलं होतं.

६

टोपीच्या यंत्राला हात लावू शकणारी माणसं तीन होती.

मी पुष्कळ वेळ इंजिनिअरवर संशय धरून पाहिला. परगावाहून लावून ठेवता येत असेल कदाचित. पण एकोणिसावी तार त्यानेच मारली होती. त्याला जुनी नोंद वापरायची असती तर त्या स्तंभात त्याने आधी शून्यं भरली असती. डॉक्टर? तारा त्यांनी स्वतः बसवल्या, बत्तीस हा आकडा ते झोपेतही सांगतील; पडद्यावर एकतीसच दिसतात, म्हणजे एक बंद आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असतं. ही चूक एकाच माणसाकडून होऊ शकत होती. जिने एकोणिसावी तार कधी पाहिलीच नव्हती, जिला त्या खोलीत एकतीसच शिकवल्या होत्या, आणि जिचं त्या एकतीसांवर प्रेम होतं.

मला उत्तर मिळाल्याचा आनंद झाला नाही. माझंच काहीतरी चुकलं असावं, असं वाटत मी संस्थेच्या पायऱ्या चढलो.

ती खिडकीशीच होती. मी गुरुवारचा कागद तिच्यासमोर ठेवला.

"जरा मोजता का? माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

तिने बोट ठेवत मोजलं. एकतिसाव्यावरून बोट पुढे सरकलं आणि तिथेच राहिलं. "ही कुठली?"

मी सांगितलं. सांगताना मी खिडकीकडे बघत होतो.

तिने बोट कागदावरून उचललं. मग म्हणाली, "त्या आठवड्यात सोमवारी टोपीत काहीच येईना. टिक नाही की काही नाही. मी इंजिनिअरसाहेबांना फोन केला, ते म्हणाले मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. ते नंतर बोललेच नाहीत. आठवडाभर काही आलं नाही तर प्रयोग संपला असं धरतात, चिप बंद करतात. मग मास्टर कायमचे मुके. पुढच्या सोमवारी साहेब येणार होते, दुरुस्त करणार होते. मला गुरुवार तेवढा ढकलायचा होता. डॉक्टर नेहमी सराव घेतात, म्हणून सरावाची सगळ्यात स्वच्छ नोंद शोधून लावली. तीन कात्री, तीन दोरा."

"आणि त्यांनी दोरा गाळला."

"मला कळलंच नाही आधी. ते काय विचारतायत ते मला ऐकू आलं तेव्हा पहिला दोरा वाजून गेला होता."

"तेव्हा बोलायचं होतं."

"तुम्ही बोलला असतात?" तिने एकदम वर पाहिलं. "सात माणसं बसली होती खोलीत. तुम्ही तर किती वेळ लागेल एवढं विचारलंत तेव्हाही घाम पुसत होतात."

ते खरं होतं. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि तीच मला सगळ्यात जास्त डाचत होती.

"शनिवारी तुमच्या हातात होतं. कात्रीची नोंद लावली असतीत तर ते जगले असते."

"तीच लावणार होते. घरून ठरवून आले होते." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पण उत्तरं वेगळी आली असती तर सगळ्या नोंदी बाहेर गेल्या असत्या. ओळ न् ओळ. मी स्वतःला म्हटलं, तीन वर्षं असे पडून आहेत, थकलेच असतील. खरं विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते. दोन दिवस मी हेच म्हणत होते, काका. तोंड धुताना, बसमध्ये. आणि मग मी दोरा लावला."

तिने कागद घडी न करता माझ्याकडे सरकवला. "तिला मी सांगते. तुम्ही नका सांगू."

त्याच दुपारी तिने सांगितलं. आधी डॉक्टरांना, मग दुकानात जाऊन मास्टरांच्या मुलीला. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने टोपी उसवली. आणि त्याचा मला फोन आला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"काका, टोपीतली एकच तार तुटली होती. ऐकायची. बोलायची शाबूत होती. म्हणजे सत्र सुरू झाल्याची खूण चिपला दोन्ही दिवशी पोचली. तिने नेहमीसारखे आकडे टिपले, गाठोडं बांधलं, पाठवलं. इकडून पोच गेली नाही." तो थांबला. "पोच मिळाल्याशिवाय ती पुसत नाही."

७

मास्टर गेल्यावर चिप काढून घेतली होती आणि ती डॉक्टरांच्या कपाटात एका डबीत होती. आम्ही चौघं त्यांच्या खोलीत उभे होतो.

"काय मिळणार त्यातून?" डॉक्टर मुलीला म्हणाले. ते त्या दोन दिवसांत वाळल्यासारखे दिसत होते. "त्या शनिवारी त्यांनी काय म्हटलं ते कळून आता काहीच बदलणार नाही. मी तुला वडिलांच्या जागी आहे असं समज. राहू दे."

"तुम्ही त्यांना प्रश्न विचारलात, डॉक्टर," ती म्हणाली. "त्याचं उत्तर माझं आहे. ते तुमच्या कपाटात कशाला?"

डॉक्टरांनी किल्ली काढली.

इंजिनिअर आत गेला आणि तासाभराने कागद घेऊन आला. प्रत्येक ओळीपुढे त्याने यंत्राकडून शब्द छापून घेतला होता, कात्री किंवा दोरा, आणि खोलीत त्या क्षणी काय बोललं गेलं ते ध्वनिमुद्रणावरून समासात. त्याने ते तिच्या हातात दिले नाहीत, माझ्या दिले. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

एकोणिसावा स्तंभ शून्य होता. मी ते आधी पाहिलं. दुसरं काही बघायचं धाडस होईना म्हणून.

"सांगा," ती म्हणाली.

"गुरुवार. कात्री, तीनदा. हा सराव. मग प्रश्न. यंत्र चालू ठेवायचं का?" माझं बोट ओळीवर होतं. "कात्री. कात्री. कात्री."

तिने खुर्चीची पाठ धरली.

"शनिवार. यंत्र चालू ठेवायचं का? कात्री, कात्री, कात्री. इथे समासात डॉक्टरांचं वाक्य आहे. ठीक आहे मास्टर, तुमची इच्छा आम्हाला समजली."

डॉक्टर खाली बसले.

मला वाटलं होतं, कागद तिथे संपेल. पण सत्र कुणी थांबवलं नव्हतं. तिने शेजारच्या खोलीत सही केली, मी केली, नर्सने पडदा ओढला, स्पीकर बंद होता, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की किती शांत आहेत. त्या चाळीस मिनिटांची नऊ पानं होती.

"पुढे काय आहे?"

"ताई, पुढचं..."

"दोरा आहे कुठे?"

मी पानं उलटली. घाईघाईने, मग पुन्हा सावकाश, ओळीवर पट्टी ठेवून. चाळीस वर्षांत मी इतकं नीट वाचलं नसेल. "एकही नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

ती खुर्चीवर बसली. मोजमाप घ्यायला बसतात तशी, ताठ, दोन्ही हात मांडीवर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने ते पुसलं नाही.

"मग वाचा. सगळं."

"दोनशे अकरा आहेत."

"ते म्हणत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही, काका. वाचा."

मी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कात्री. कात्री. कधी दोन ओळींमध्ये अंतर होतं, तेव्हा मीही तेवढा थांबायचो. कधी एकामागून एक इतक्या होत्या की श्वास पुरायचा नाही. खोलीत कुणी हललं नाही. चौथ्या पानावर माझा आवाज बसला. तेव्हा ती उठून माझ्या शेजारी आली, माझं बोट होतं त्याच ओळीवर तिने आपलं बोट ठेवलं, आणि पुढचं ती वाचू लागली.